म्हशीचा बोलस, पिल्लाचं पोट

जयसिंगपूर हे आखून वसवलेलं गाव. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं ते वसवलं. रस्ते सरळ, गल्ल्या काटकोनात, आणि पत्ता सांगायचा तो गल्लीच्या नंबरानं. पण हा आखीवपणा मागे टाकून उदगाव, चिपरी किंवा नांदणीच्या वाटेला लागलं, की घर आणि गोठा यांच्यातली रेघ पुसट होत जाते. एकाच अंगणात दोन म्हशी, एखादी संकरित गाय, चार शेळ्या, पत्र्यावर मांजर आणि दारात कुत्रं. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा असतो. त्यात जंताच्या औषधाचा अर्धा बोलस, गेल्या महिन्यात म्हशीला ताप आला तेव्हाच्या उरलेल्या गोळ्या, गोचिडाच्या औषधाची चिकट बाटली, टोचून उरलेलं इंजेक्शन. आणि गव्हाणीखाली दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू, ज्याला दात फुटताहेत आणि जगातली प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहायची आहे.

पिल्लानं दुसऱ्या पाळीव प्राण्याचं औषध खाल्लं तर काय करायचं, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये विचारला, तर डोळ्यांसमोर थोरल्या लॅब्रडॉरची सांधेदुखीची गोळी येते. इथे शिरोळ तालुक्यात तो ‘दुसरा प्राणी’ बहुतेक वेळा चारशे-पाचशे किलोची म्हैस असतो. इथला धोका वेगळा ठरतो तो या वजनामुळे. साडेचारशे किलोच्या जनावरासाठी बनवलेली गोळी तीन किलोच्या पिल्लानं कुरतडली, तर ती त्याच्या दीडशेपट वजनाच्या जिवासाठी मोजलेली असते.

बोलस म्हणजे बोटाएवढी जाड, लांबट गोळी. तापावर आणि सुजेवर दिल्या जाणाऱ्या काही बोलसांत मेलॉक्सिकॅम आणि पॅरासिटामॉल अशी जोडी असते. समजा, एका बोलसात १०० मिलिग्रॅम मेलॉक्सिकॅम आहे आणि पिल्लानं त्याचा पाव भाग खाल्ला. पोटात गेलं २५ मिलिग्रॅम. मेलॉक्सिकॅम हे कुत्र्यांचंही औषध आहे. पशुवैद्य ते सर्रास लिहून देतात, पण दिवसाला किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, पहिल्या दिवशी फार तर त्याच्या दुप्पट. तीन किलोच्या पिल्लाचा दिवसाचा हिशेब झाला ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे त्या एका घासात पिल्लाच्या पोटात ऐंशी दिवसांहून अधिक दिवसांचं औषध गेलं. त्यावर पॅरासिटामॉल वेगळं; तेही कुत्र्याला किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या पुढे यकृताला बाधायला लागतं, आणि त्याच्या दुप्पट झालं तर रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी दिसू लागतात.

मेलॉक्सिकॅम गोठ्यांत एवढं पसरलं कसं, याची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण एका प्राण्याचं औषध दुसऱ्याला विष कसं ठरतं याचा त्याहून मोठा दाखला आपल्या उपखंडात दुसरा नाही. नव्वदच्या दशकात गाईम्हशींच्या सुजेवर, लंगडण्यावर डायक्लोफिनॅक टोचलं जायचं. स्वस्त आणि गुणकारी. औषध टोचलेलं जनावर मेलंच, तर त्याचं मढं गावाबाहेर पडायचं आणि गिधाडं ते फस्त करायची. पुढे गिधाडंच दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घटली. साथ असेल, कीटकनाशक असेल, असे तर्क चालू असताना पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी २००४ साली गुन्हेगार दाखवून दिला: मढ्यातल्या मांसात उरलेलं डायक्लोफिनॅक. गिधाडाच्या मूत्रपिंडाला त्याचा अंशही सोसत नाही. २००६ साली भारतानं जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. २०२३ साली केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांच्यावरही तीच वेळ आली. डायक्लोफिनॅकच्या जागी सुचवलं गेलं ते मेलॉक्सिकॅम, कारण गिधाडांवर तपासून ते निर्धोक ठरलं होतं. गिधाडांना जीवदान देणारं तेच औषध आज कोनाड्यातून खाली पडतं आणि पिल्लाच्या तोंडी लागतं.

गिधाडाच्या बाबतीत प्रश्न जातीचा होता, पिल्लाच्या बाबतीत मात्रेचा आहे. हे दोन धोके वेगळे ओळखता आले, तर घाबरगुंडीत निम्मा गोंधळ तरी कमी होतो. मांजराचं उदाहरण सगळ्यांत ढळढळीत. कुत्र्याच्या मानेवर गोचिडांसाठी सोडलेलं पर्मेथ्रिनचं थेंबाचं औषध कुत्र्याला सोसतं, त्याच कुत्र्याला चिकटून झोपणाऱ्या मांजराला झटके येतात. पॅरासिटामॉलची एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नाहीच. कुत्र्याचं यकृत त्या मानानं बरं, पण पिल्लाचं यकृत आणि मूत्रपिंड तीन-चार महिन्यांपर्यंत पुरतं तयार झालेलं नसतं. म्हणून थोरल्या कुत्र्यानं पचवलं म्हणजे पिल्लूही पचवेल, हा हिशेब चुकतो.

जात आणि मात्रा हे दोन्ही धोके एकाच बाटलीत पाहायचे असतील, तर आयव्हरमेक्टिन घ्यावं. जपानचे सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना ज्याच्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं, ते हे औषध. गोचीड, खरूज, जंत या सगळ्यांवर आपल्याकडे जनावरांना ते टोचतात. जनावरांच्या एक टक्क्याच्या इंजेक्शनात एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं आणि तो एक मिली पन्नास किलो वजनाला पुरतो. कुत्र्याच्या हृदयात होणाऱ्या जंतांपासून बचावासाठी महिन्यातून एकदा जी मात्रा देतात, ती किलोमागे अवघी ६ मायक्रोग्रॅम. तीन किलोच्या पिल्लानं फुटलेल्या बाटलीतला एक मिली चाटला, तर किलोमागे ३,३०० मायक्रोग्रॅम झाले. साधारण कुत्री २,००० पर्यंत सहसा टिकाव धरतात. पुढे बाहुल्या विस्फारतात, लाळ गळते, पाय लटपटतात, दिसेनासं होतं, आणि शेवटी बेशुद्धी.

कॉली आणि तिच्या गोतातल्या मेंढपाळ कुत्र्यांना मात्र यातला विसावा-तिसावा हिस्साही पुरतो. या कुत्र्यांच्या शरीरात, मेंदूच्या वेशीवर औषधं अडवणारं एक प्रथिन जन्मतःच लंगडं असतं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या कॅट्रिना मीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली त्यामागचा जनुकीय दोष शोधून काढला. जर्मन शेफर्डमध्येही तो काही प्रमाणात सापडतो. औषध दिलेल्या घोड्याची लीद खाऊन अशी कुत्री आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. शेणात तोंड घालणं हा ज्या वयाचा आवडता उद्योग, त्या वयाच्या पिल्लासाठी ही माहिती गमतीची नाही. आयव्हरमेक्टिनवर नेमका उतारा नाही. सलाइन, ऊब, डोळ्यांत मलम, कूस बदलत राहणं, काही ठिकाणी शिरेतून चरबीचं द्रावण. पण दिवसच्या दिवस निपचित पडलेली कुत्रीही उठून चालायला लागलेली आहेत, हेही इथे सांगायला हवं. लवकर हात टेकू नयेत.

कोल्हापूर-सांगलीकडे मुधोळ हाउंडची हौस मोठी. मुधोळ कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, फार लांब नाही. टपाल खात्यानं २००५ साली या जातीचं तिकीट काढलं, तेव्हा अनेकांना आपल्याच घरच्या कुत्र्याचा सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं. त्याच सडपातळ बांध्याच्या ग्रेहाउंडमध्ये भुलीची काही औषधं उतरायला फार वेळ लागतो, हे पशुवैद्यांना ठाऊक आहे. तेव्हा फोनवर पिल्लाचं वय आणि वजन सांगताना जातही सांगावी. ‘गावठी आहे’ हेही उत्तरच असतं, त्यात लाजायचं कारण नाही.

तिसरी बाटली गोचिडाच्या औषधाची. ॲमिट्राझचं साडेबारा टक्क्यांचं द्रावण पाण्यात पातळ करून जनावरांच्या अंगाला चोळायचं असतं. पातळ केलेली बादली तशीच राहते, पिल्लू पाणी समजून पितं, किंवा नुकतंच औषध लावलेल्या म्हशीचे पाय चाटत बसतं. मग ते पेंगायला लागतं, अंग गार पडतं, नाडी मंदावते, रक्तातली साखर वाढते. घरच्यांना वाटतं, दमून झोपलं. यावर उतारा आहे: योहिंबिन किंवा ॲटिपामेझोल. पण त्यात एक पेच आहे, आणि औषधाचं नाव माहीत नसेल तर त्याच पेचात डॉक्टरही सापडतो. उलटी आणण्यासाठी किंवा शांत करण्यासाठी काही वेळा झायलाझिन टोचतात, मांजरांना तर विशेष. झायलाझिन आणि ॲमिट्राझ शरीरात एकाच कुलपाच्या किल्ल्या आहेत. ॲमिट्राझ प्यालेल्या पिल्लाला झायलाझिन दिलं, की गुंगीत गुंगीची भर. ‘काहीतरी खाल्लंय हो’ एवढंच सांगून पिल्लू टेबलावर ठेवणं किती महागात पडू शकतं, ते इथे कळतं.

जयसिंगपूर हे तंबाखूच्या व्यापाराचंही गाव, म्हणून जाता जाता एक. उवा-गोचिडांवर तंबाखूचं पाणी अंगाला लावायची खेड्यापाड्यातली जुनी रीत आहे. निकोटीन कातडीतूनही आत जातं आणि कुत्र्याला किलोमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास त्याचे परिणाम दिसू लागतात. झाडपाल्याचं म्हणून सौम्य, असं त्यात काही नाही.

आता फ्लॅटमधल्या लॅब्रडॉरकडे वळू, कारण आठव्या गल्लीतही तो आता असतो. पाळीव कुत्र्यांच्या गोळ्या कडू असल्या तर कुत्री थुंकून टाकतात, म्हणून कंपन्यांनी त्या काळजाच्या, मांसाच्या चवीच्या केल्या. सोय थोरल्याची झाली, पण तीच चव धाकट्यालाही आवडते. कारप्रोफेन हे सांधेदुखीवरचं औषध याचं ठळक उदाहरण: दिवसाची मात्रा किलोमागे साडेचार मिलिग्रॅमच्या आत, वीसच्या पुढे पोटाला आणि चाळीसच्या पुढे मूत्रपिंडाला धोका. डबा दातांनी फोडून सगळ्याच गोळ्या खाऊ समजून संपवणारं पिल्लू हा आकडा एका बैठकीत ओलांडतं. या जातीची सगळीच औषधं, मेलॉक्सिकॅमसकट, पोटाच्या अस्तराला जपणारं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणारं एक द्रव्य शरीरात बनूच देत नाहीत. सूज त्यामुळेच उतरते, आणि मात्रा जास्त झाली तर पोटात जखमा होतात, डांबरासारखी काळी शी होते, मूत्रपिंड बसतं. हे सगळं लगेच होत नाही. पहिल्या दिवशी पिल्लू शेपूट हलवत चपलेशी खेळत असतं आणि मूत्रपिंड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दगा देतं. ‘बघू, काही झालं तर नेऊ’ या वाक्यानं जेवढी पिल्लं दवाखान्यात उशिरा पोहोचतात, तेवढी एसटी चुकल्यानं पोहोचत नसतील.

थोरल्याच्या झटक्यांवरचं फिनोबार्बिटॉन खाल्लं तर पिल्लू गुंगतं, श्वास मंदावू शकतो. रक्तदाबाचं ॲम्लोडिपिन, जे म्हाताऱ्या मांजरांनाही देतात, ते थोडंही गंभीर मानावं. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायच्या मोनेन्सिनसारख्या औषधांची पुडी फुटली तर तीही. घोड्याला ती थोडक्यात मारते आणि कुत्र्यालाही सोडत नाही. यकृतातल्या जंतांवर, म्हणजे शेतकरी ज्याला चपटे कृमी म्हणतो त्यांच्यावर दिलं जाणारं क्लोसँटेल जास्त झालं, तर शेळ्यामेंढ्यांची दृष्टी गेल्याच्या नोंदी आहेत, आणि कुत्र्यांच्याही.

दुसऱ्या बाजूला काही औषधांची भीती वाजवीपेक्षा मोठी असते, आणि तेही सांगणं आढाव्याचंच काम आहे. फेनबेंडाझोल हे जंताचं औषध एकदाच थोडं जास्त गेलं तर सहसा उलटी-जुलाबावर भागतं. अल्बेंडाझोलला मात्र हीच सूट नाही, ते कुत्र्यांच्या रक्त बनवणाऱ्या मज्जेला बाधल्याची उदाहरणं आहेत. थायरॉइडच्या गोळ्या कुत्र्यांना बऱ्यापैकी सोसतात, कारण त्या आतड्यातून फारशा शोषल्या जात नाहीत. गोचिडांवरच्या नव्या चघळायच्या गोळ्यांना सुरक्षिततेची ऐसपैस जागा आहे, तरी झटक्यांचा इतिहास असलेल्या कुत्र्यांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये इशारा दिला होता. आणि इन्शुलिन! मधुमेही कुत्र्याची इन्शुलिनची बाटली पिल्लानं फोडली की घरात हलकल्लोळ होतो. पण पोटात गेलेलं इन्शुलिन अन्नातल्या प्रथिनासारखं पचून जातं. तिथे खरी भीती काचेची आणि सुईची.

मग पहिल्या अर्ध्या तासात करायचं काय? तोंडातलं काढायचं, जमिनीवरचं गोळा करायचं, दुसरं कुत्रं किंवा मांजर असेल तर त्याला खोलीबाहेर घालायचं. मोजायचं. पाकिटात किती गोळ्या होत्या, किती उरल्या, किती जमिनीवर. हिशेब लागत नसेल तर सगळ्यांत वाईट आकडा धरायचा. दोन पिल्लं असतील आणि कोणी खाल्लं हे कळत नसेल, तर दोघांनीही सगळं खाल्लं असं समजायचं. पाकिटाचा, बाटलीचा, फाटक्या स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो काढायचा, कारण नावाखालचा मिलिग्रॅमचा आकडा नावाइतकाच महत्त्वाचा. वेळ लिहायची. वजन माहीत नसेल तर पिल्लू कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि नंतर आपलं वजा करायचं. किराणा दुकानाचा काटाही चालतो. हे सगळं पाच मिनिटांत होतं. मग फोन, आणि फोनवर हाच क्रम: काय, किती मिलिग्रॅम, केव्हा, वजन किती, आत्ता कसं आहे.

फोनच्या आधी तोंडात काहीही घालायचं नाही. खरी लढाई इथे आहे, कारण तोवर शेजारी जमलेले असतात. “मिठाचं पाणी पाजा, पडंल सगळं.” “ताक द्या, उतार पडतो.” “तूप पाजा, विष धरत न्हाई.” सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि सल्ला वाईट.

मिठाचा हिशेब पाहा. भरून घेतलेल्या एका मोठ्या चमच्यात पंधरा-अठरा ग्रॅम मीठ बसतं. कुत्र्याला किलोमागे दोन-तीन ग्रॅम मीठ विषारी आणि चार ग्रॅमच्या आसपास प्राणघातक मानतात. तीन किलोच्या पिल्लाला तो एक चमचा म्हणजे किलोमागे पाच ग्रॅम. गोळीतून वाचलेलं पिल्लू मिठानं मरू शकतं. मेंदूला सूज येते, झटके येतात. दूध-तुपाची अडचण वेगळी: आयव्हरमेक्टिनसारखी चरबीत विरघळणारी औषधं स्निग्ध पदार्थाबरोबर उलट जास्त शोषली जातात. घशात बोटं घालणं, मोहरीचं पाणी, चुन्याची निवळी यांनी पिल्लाचा घसा सोलवटतो किंवा पाणी फुप्फुसात जातं. गुंगलेल्या किंवा झटके येणाऱ्या पिल्लाला उलटी करवणं तर सरळ न्यूमोनियाला आमंत्रण.

समाजमाध्यमांवरचा शहाणा शेजारी सांगतो, हायड्रोजन पेरॉक्साइड द्या. अमेरिकेत पशुवैद्य फोनवरून मात्रा सांगून कुत्र्यांना ते द्यायला लावतात, हे खरं. पण ते तीन टक्क्यांचं. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळणाऱ्या बाटलीवर बहुधा ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं, म्हणजे सहा टक्के, नेमकं दुप्पट जहाल. तीन टक्क्यांच्यानंही कुत्र्यांच्या पोटात व्रण पडतात. आणि जे औषध मुळात पोटाच्या अस्तरावरच उठतं, त्यावर हा उपाय म्हणजे जळत्या उसावर रॉकेल. ‘ॲक्टिव्हेटेड चारकोल’ ऐकून कोणी चुलीतला कोळसा कुटू नये. तो वेगळा, औषधासाठी खास तयार केलेला असतो, आणि तोही गुंगलेल्या पिल्लाला पाजायचा नसतो.

दवाखान्यात गेल्यावर काय होतं ते कळलं, तर घाई कशासाठी हे पटतं. खाऊन तास-दोन तासच झाले असतील आणि पिल्लू शुद्धीवर असेल, तर डॉक्टर इंजेक्शननं किंवा डोळ्यांत औषध सोडून उलटी करवतात. कुत्र्यांसाठी खास बनवलेल्या रोपिनिरोलच्या डोळ्यांतल्या थेंबांना अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. त्यानंतर औषधी कोळसा. मेलॉक्सिकॅमसारखी काही औषधं पित्तातून पुन्हा पुन्हा आतड्यात उतरतात, म्हणून कोळसा एकाहून अधिक वेळा द्यावा लागतो. मूत्रपिंडाला धोका असेल तर दोन दिवस सलाइन, पोटाच्या अस्तरासाठी औषधं, आणि रोज रक्तातलं क्रिएटिनिन. पॅरासिटामॉलवर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो माणसांच्या दवाखान्यातही वापरला जातो. रात्री-अपरात्री पशुवैद्याकडे नसेल, तर माणसांच्या मोठ्या मेडिकलमधून चिठ्ठीवर आणता येतो. तास-दोन तास उलटून गेल्यावर उलटीची वेळ संपते आणि उरते ती निस्तरण्याची लढाई. ती लांब, खर्चाची आणि अनिश्चित असते.

पण न्यायचं कुठे? जयसिंगपूरची सोय बरी म्हणायची: सांगली दहा-बारा किलोमीटरवर, कोल्हापूर चाळीसच्या आसपास, आणि दोन्हीकडे लहान प्राण्यांवर उपचार करणारे खासगी पशुवैद्य आहेत. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांचा सारा भर दुभत्या जनावरांवर, तरी विषबाधेची पहिली मदत तिथेही मिळू शकते. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाला बोलावता येतं. तेही मुख्यतः गाईम्हशींसाठी. सगळ्यात मोठी इस्पितळं लांब: पुण्याच्या वाटेवर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, आणि मुंबईत परळला १८८६ सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. अर्ध्या तासाच्या मदतीसाठी ही नावं उपयोगाची नाहीत, गुंतागुंत झाली तर आहेत.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९७८ साली प्राण्यांच्या विषबाधेसाठी फोन केंद्र सुरू झालं, ब्रिटनमध्ये १९९२ पासून पशुवैद्यांना विषांची माहिती देणारी सेवा आहे. तिथला डॉक्टरही अनोळखी औषध समोर आलं की फोन उचलतो. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, क्रमांक १८०० ११६ ११७. ते माणसांसाठीचं, तरी घरातल्या लेकरानं तोच बोलस चघळला असेल तर हा क्रमांक हाताशी हवा. पिल्लू आणि रांगतं मूल जमिनीपासून सारख्याच उंचीवर वावरतात.

आणि माणसांची औषधं? विषयाबाहेरची असली तरी दोन सोडवत नाहीत. क्षयाच्या उपचारातली आयसोनायझिडची ३०० मिलिग्रॅमची एक गोळी लहान पिल्लाचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करणारी पायरी कुत्र्यांच्या शरीरात नसते; त्यावर बी-६ जीवनसत्त्व हा उतारा आहे, पण डॉक्टरला नाव कळलं तर. दुसरं, हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं ६०,००० युनिटचं ड जीवनसत्त्व. एका पुडीत दीड मिलिग्रॅम. कुत्र्याला किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपासून लक्षणं दिसू शकतात. तीन किलोच्या पिल्लाला एका पुडीतून त्याच्या पाचपट मिळतं. रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडात जमतं.

राहिला कोनाडा. गोठ्यातली औषधं गोठ्यातच ठेवायची सवय मोडायला हवी असं म्हणणं सोपं. पहाटे धारेच्या वेळी कोणी घरातल्या कपाटापर्यंत हेलपाटे घालणार नाही. झाकणाचा पत्र्याचा डबा, तुळईला खिळा, आणि डबा त्या खिळ्याला. एवढं पुरतं. पिशवी नको, पिशवी पिल्लाला खेळणं वाटते. गोचिडाच्या औषधाची बादली काम संपताच रिकामी करायची, पण गटारात नको, कृष्णेत तर नकोच. लेबलावर दिलेली पद्धत पाळायची. औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही. थोरल्या कुत्र्याला गोळी देताना दार लावून घ्यायचं आणि त्यानं ती गिळेपर्यंत तिथेच थांबायचं. शहाणी कुत्री गोळी गालात धरून नंतर कोपऱ्यात थुंकतात, आणि कोपऱ्यात कोण फिरतं हे सांगायला नको. म्हशीला औषध लावलं की ती वाळेपर्यंत पिल्लू बांधून ठेवायचं.

आणि एक छोटी विनंती. गोठ्याच्या दाराला, घराच्या कॅलेंडरवर किंवा मोबाइलच्या झाकणाआड एक कागद असू द्या: जवळच्या पशुवैद्याचा दिवसाचा आणि रात्रीचा नंबर, १९६२, आणि पिल्लाचं वजन. वजन मात्र दर पंधरा दिवसांनी खोडून नव्यानं लिहावं लागेल. या वयात ते तेवढ्या वेळात बदललेलं असतं.